ब्रिटनमध्ये मुलांसाठी कार सीट आणि बूस्टर सीट: नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी कायद्याची टप्प्याटप्प्याने ओळख

पुण्याहून इंग्लंडला आलो तेव्हा आमचा मुलगा अकरा महिन्यांचा होता. दुसऱ्याच आठवड्यात एका परिचितांनी अमेरिकेतून येताना सोबत आणलेली कार सीट आम्हाला मोठ्या प्रेमाने दिली. सीट महागडी होती, नव्यासारखी होती आणि छातीवर लावायची एक जादा क्लिपही तिला होती, त्यामुळे ती इथल्या सीटांपेक्षा अधिक सुरक्षित असणार असे आम्ही गृहीत धरले. तीन आठवडे मुलाला तिच्यात बसवून आम्ही हिंडलो. एके दिवशी पट्टे कसे सैल करायचे हे विचारायला ती सीट घेऊन एका दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी ती उलटी करून पाहिली आणि हिचे लेबल कुठे आहे, असे विचारले. लेबल होते, पण या देशात ग्राह्य धरले जाणारे नव्हते. म्हणजे ते तीन आठवडे आम्ही स्वतःला अत्यंत जबाबदार पालक समजत रोज कायदा मोडत होतो.

पुढे दुसरे मूल झाले, गाडी बदलली, भारतातून आजी-आजोबा येऊन राहून गेले आणि प्रत्येक वेळी या नियमांचा एकेक नवा कोपरा समजत गेला. नव्याने आलेली कुटुंबे मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: “ही सीट किती वर्षांपर्यंत लागते हो?” अडचण अशी की या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः वर्षांत नाही. ते मुलाच्या उंचीत किंवा वजनात आहे, सीटवरच्या लेबलात आहे आणि तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आहे. या तीन गोष्टी दुकानात जाण्याआधी पाहिल्या तर बहुतेक गोंधळ टळतो. पुढची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथील खासगी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

१. कायद्याचे मूळ सूत्र आधी समजून घ्या

मूल १२ वर्षांचे होईपर्यंत किंवा त्याची उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, त्याला गाडीत योग्य प्रकारच्या कार सीटवर बसवणे बंधनकारक आहे. १३५ सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेचार फुटांना जेमतेम इंचभर कमी. त्यानंतर मुलाने मोठ्यांचा सीटबेल्ट लावलाच पाहिजे. सध्याच्या नियमांचा पाया १९९३ च्या सीटबेल्ट नियमांत आहे आणि त्यांत २००६ साली झालेली दुरुस्ती त्याच वर्षीच्या १८ सप्टेंबरपासून लागू झाली.

“जे आधी घडेल” या शब्दांकडे लक्ष द्या. नऊ वर्षांची मुलगी उंच असेल आणि १३६ सेंटिमीटर भरत असेल, तर कायद्याने तिला सीटची सक्ती राहत नाही. उलट अकरा वर्षांचा मुलगा १३० सेंटिमीटरच असेल, तर मित्रांसमोर कितीही लाज वाटत असली तरी त्याला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून बेल्ट योग्य जागी आणणारी सीट, लागतेच. आमच्या ओळखीत पाचवीतल्या मुलांवरून असे वाद झाले आहेत आणि प्रत्येक वेळी ते मोजपट्टीनेच मिटले.

जबाबदारी चालकाची असते, पालकांची नव्हे. १४ वर्षांखालील प्रवासी योग्य सीटवर किंवा सीटबेल्टमध्ये नसेल, तर ५०० पौंडांपर्यंत दंड चालकाला होऊ शकतो. परदेशी परवान्यावर इथे १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येत असल्यामुळे, भेटीला आलेले आजोबा नातीला शाळेत सोडायला निघाले तर त्या वेळी जबाबदार ते असतात. शेजारणीने कृपा म्हणून तुमच्या मुलाला घरी आणले तर ती जबाबदार असते. म्हणून आपले मूल दुसऱ्याच्या गाडीत पाठवताना सीटही सोबत पाठवणे ही सौजन्याची गोष्ट आहे.

२. दुकानात जाण्यापूर्वी या गोष्टी हाताशी ठेवा

- मुलाची आजची उंची. दाराच्या चौकटीला पाठ लावून, बूट काढून मोजा. “मागच्या दिवाळीत इतकी होती” हा अंदाज कामाचा नाही.
- मुलाचे वजन. बाळासाठी आरोग्य सेविका ज्यात नोंदी करतात ते लाल पुस्तक, म्हणजे ‘रेड बुक’, सोबत न्या.
- गाडीची मूळ पुस्तिका. तिच्यात कोणत्या आसनावर कोणत्या प्रकारची सीट चालते याचा तक्ता असतो. जुनी गाडी घेतली असेल आणि पुस्तिका मिळाली नसेल, तर ती बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर सापडते.
- गाडीची कंपनी, नेमके मॉडेल आणि वर्ष. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत मागच्या आसनाची रचना वेगळी असू शकते.
- शक्य असेल तर गाडी स्वतःच. दुकानात सीट लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि लावून दाखवण्यास दुकानदार नकार देत असेल तर दुसरे दुकान पाहा.

किमतींविषयी एक बरी गोष्ट सांगतो. मुलांच्या कार सीटवर इथे नेहमीच्या २० टक्क्यांऐवजी ५ टक्केच व्हॅट लागतो. तरीही चांगली सीट स्वस्त नसते.

३. उंचीची पद्धत घ्यायची की वजनाची, हे ठरवा

इथे दोन पद्धती शेजारी-शेजारी चालतात आणि नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. सीट निवडताना या दोनपैकी एकच पद्धत लागू होते, आणि ती कोणती हे तुमच्या सीटचे लेबल ठरवते.

पहिली पद्धत उंचीची. या सीटांना आर १२९ हा मानक क्रमांक असतो आणि त्यांतल्या ज्या सीटा ठरावीक मापांत बसतात त्यांना बाजारात ‘आय-साइझ’ म्हणतात. सीटवर “४० ते ८७ सेंटिमीटर” किंवा “१०० ते १५० सेंटिमीटर” असे लिहिलेले असते. या पद्धतीत मूल १५ महिन्यांपेक्षा मोठे होईपर्यंत त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूलाच असले पाहिजे.

दुसरी पद्धत वजनाची. तिचा क्रमांक आर ४४ आणि तिच्यात गट असतात. गट ० हा १० किलोपर्यंत, गट ०+ हा १३ किलोपर्यंत, गट १ हा ९ ते १८ किलो, गट २ हा १५ ते २५ किलो आणि गट ३ हा २२ ते ३६ किलो. पहिल्या दोन गटांत बाळ मागे तोंड करून बसते, किंवा गट ० च्या काही पाळणावजा सीटांत आडवे झोपते. गट १ मध्ये पुढे तोंड करूनही बसवता येते.

आता यातला सापळा पाहा. गुटगुटीत बाळ आठव्या-नवव्या महिन्यातच ९ किलोंचे होऊ शकते. वजनाच्या पद्धतीतली गट १ ची सीट असेल, तर अशा बाळाला पुढे तोंड करून बसवणे कायदेशीर ठरते. तेच बाळ, त्याच दिवशी, त्याच गाडीत आर १२९ च्या सीटवर पुढे तोंड करून बसवले तर नियमभंग होतो. म्हणजे बाळ एकच, पण सीट बदलली की नियम बदलतो. यातून अनेकजण सोयीचा अर्थ काढतात आणि मुलाला बाहेरचे दिसावे म्हणून लवकर पुढे वळवतात. माझे मत याबाबत ठाम आहे. लहान बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या मानाने फार मोठे आणि जड असते, नवजात बाळात तर ते एकूण लांबीच्या सुमारे चौथ्या भागाइतके असते, आणि मान मात्र कोवळी असते. समोरून धडक बसली तर मागे तोंड करून बसलेल्या बाळाचे डोके, मान आणि पाठ यांना सीटची पाठ एकत्र पेलते, तर पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांत अडकते आणि सगळा ताण मानेवर येतो. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलांना असे मागे तोंड करून बसवण्याची पद्धत रूढ आहे. कायद्याने परवानगी दिली म्हणून दुसऱ्याच दिवशी सीट वळवलीच पाहिजे असे नाही.

मुलाचे पाय समोरच्या पाठीला टेकतात ही सीट लहान झाल्याची खूण नव्हे, मुले मांडी घालून मजेत बसतात. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये मुलाचा माथा सीटच्या वरच्या कडेच्या वर गेला, किंवा लेबलवरची उंची अथवा वजन ओलांडले, की सीट बदलायची वेळ झाली. पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये डोळे वरच्या कडेच्या पातळीवर आले की सीट अपुरी पडू लागली असे समजावे.

४. लेबल शोधा आणि वाचा

सीटच्या बुडाला, पाठीमागे किंवा बाजूला बहुधा नारिंगी रंगाचे लेबल असते. त्यावर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ हे मोठे अक्षर आणि त्याच्या शेजारी एक आकडा असला पाहिजे. तो आकडा मान्यता देणारा देश दाखवतो, उदाहरणार्थ १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. ११ नसल्यामुळे सीट परत करायला निघालेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्याची गरज नाही. देश कोणताही असला तरी वर्तुळातले ‘ई’ हवे आणि सोबत ‘आर १२९’ किंवा ‘आर ४४’ हवे. आर ४४ च्या पुढे ०३ किंवा ०४ ही आवृत्ती असली पाहिजे. ०१ आणि ०२ या जुन्या आवृत्त्यांच्या सीटा वापरता येत नाहीत.

अमेरिकेत विकत घेतलेल्या सीटांवर हे चिन्ह नसते, म्हणून त्या कितीही चांगल्या असल्या तरी इथे चालत नाहीत. छातीवरची ती जादा क्लिप दिसली की ही सीट अमेरिकी असावी असा संशय घ्यावा. भारतातून आणलेल्या सीटबाबत सरसकट उत्तर देता येत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या काही सीटांवर आर ४४ ची मान्यता छापलेली असते, काहींवर नसते. पेटी भरण्यापूर्वी सीट उलटी करून पाहा.

५. सीट तुमच्या गाडीत खरोखर बसते का, हे तपासा

सीट कायदेशीर असणे आणि ती तुमच्या गाडीत योग्य बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसवण्याच्या पद्धती मुख्यतः दोन.

आयसोफिक्समध्ये गाडीच्या आसनाच्या फटीत धातूच्या दोन कड्या असतात आणि सीटचे दोन हात त्यांत खटकन बसतात. बरोबर बसले की बहुतेक सीटांवर हिरवी खूण दिसते. पण सीट पुढे कलंडू नये म्हणून तिसरा आधार लागतो, तो एक तर जमिनीवर टेकणारा पाय असतो किंवा वरून मागे जाणारा पट्टा. आमची दुसरी गाडी घेतल्यावर मी हिरवी खूण पाहून निर्धास्त झालो होतो, आणि पाय मात्र गाडीच्या तळाशी असलेल्या सामानाच्या कप्प्याच्या झाकणावर टेकलेला होता. असे झाकण धडकेत खचू शकते. काही गाड्यांत त्या कप्प्यात भरण्यासाठी कंपनीचा खास ठोकळा मिळतो, काही गाड्यांत त्या आसनावर पायवाली सीट चालतच नाही. उत्तर पुस्तिकेत असते. वरच्या पट्ट्याच्या बाबतीत वेगळी चूक होते: डिकीत सामान बांधण्यासाठी जे हूक असतात त्यालाच लोक तो पट्टा अडकवतात. पट्ट्यासाठीची खरी जागा पुस्तिकेतल्या चित्रावरून ओळखा.

दुसरी पद्धत गाडीच्या सीटबेल्टने बांधण्याची. यासाठी छातीवरून तिरका जाणारा पट्टा असलेला बेल्ट लागतो. फक्त कमरेचा पट्टा असेल, तर तशा बेल्टसाठीच बनवलेली सीट किंवा आयसोफिक्सची सीट हवी. बेल्ट ओवण्याचे मार्ग सीटवर रंगाने दाखवलेले असतात. मागे तोंड असेल तर निळा मार्ग, पुढे तोंड असेल तर लाल. बेल्ट ओवल्यावर सीटवर गुडघ्याने दाब देऊन तो घट्ट ओढा आणि पीळ पडला नाही याची खात्री करा. बेल्टचे बकल सीटच्या चौकटीवर वाकून टेकत असेल, तर ती सीट त्या आसनासाठी नाही, कारण धडकेच्या वेळी बकल तिथेच उघडू किंवा तुटू शकते. ही गोष्ट घरी आल्यावर लक्षात आली तर फार त्रास होतो, म्हणून दुकानातच पाहा.

पुढच्या आसनाविषयी आपल्याकडे गैरसमज आहे की तिथे मूल बसवणे बेकायदा आहे. तसे नाही. पण मागे तोंड असलेली सीट पुढे लावायची असेल, तर त्या आसनाची एअरबॅग आधी बंद करणे कायद्याने आवश्यक आहे, कारण फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे, आदळते. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या बाजूला किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये किल्लीने फिरवायचे बटण असते. पुढे तोंड असलेली सीट तिथे लावल्यास गाडीचे आसन शक्य तितके मागे सरकवा. आडव्या, म्हणजे बाजूला तोंड असलेल्या आसनांवर मात्र मुलांची सीट लावता येत नाही.

स्वतःवर विश्वास नसेल तर सीट बसवून तपासून घ्या. अनेक दुकाने आणि काही कौन्सिलांची रस्ता-सुरक्षा पथके हे काम करतात.

६. मुलाला नीट बसवा

पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. पट्टा आणि मुलाच्या छातीच्या हाडामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहू नये.

इथल्या थंडीमुळे आपण सर्वजण एक चूक करतो. मुलाला फुगीर जाकीट घालून बांधतो. पट्टे घट्ट वाटतात, पण तो घट्टपणा जाकिटातल्या हवेचा असतो. धडकेत ती हवा दबते आणि मूल सैल सुटते. जाकीट काढा, पट्टे आवळा आणि वरून पांघरूण किंवा तेच जाकीट उलटे पांघरा. आजीने विणलेला पातळ स्वेटर चालतो, हे आजींना मुद्दाम सांगावे, नाहीतर थंडीवरून घरात वाद होतात.

तान्ह्या बाळाला सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा सर्वसाधारण सल्ला आहे आणि पहिल्या काही आठवड्यांत तर अर्ध्या तासापेक्षा लांब प्रवास टाळावा असे सांगतात. घरी पोहोचल्यावर बाळ झोपले आहे म्हणून त्याला सीटसकट दिवाणखान्यात ठेवून देऊ नका.

७. बूस्टरवर जाण्याची घाई करू नका

बूस्टर म्हणजे मुलाला उंच करून गाडीचा बेल्ट त्याच्या अंगावर योग्य जागी आणणारे साधन. त्याचे दोन प्रकार आहेत. एकाला पाठ आणि डोक्याच्या बाजूंना आधार असतो, दुसरा म्हणजे नुसता पाट. या पाटासारख्या बूस्टरची किंमत इतकी कमी असते की आपल्यासारख्या हिशेबी माणसाचा हात आपोआप तिकडे जातो.

२०१७ पासून पाठ नसलेली नवी बूस्टर मॉडेले फक्त १२५ सेंटिमीटरपेक्षा उंच आणि २२ किलोंपेक्षा जड मुलांसाठीच मान्य होतात. त्याआधी मान्यता मिळालेल्या गट २ च्या जुन्या पाठ नसलेल्या बूस्टर गाद्या त्यांच्या लेबलप्रमाणे १५ किलोंपासून वापरणे बेकायदा नाही, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला अशा गादीवर बसवलेले आजही दिसते. चालक दंडाला पात्र ठरत नाही, हे खरे. पण एवढ्या लहान मुलाला बाजूच्या धडकेत कशाचाच आधार नसतो आणि झोप लागली की ते बेल्टच्या बाहेर कलंडते. पाठवाली बूस्टर घ्या आणि तीच १३५ सेंटिमीटरच्या पुढेही, जमेल तोवर वापरा.

बेल्ट नीट बसला की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर, ओटीपोटाच्या हाडावर असावा, पोटावर नव्हे. तिरका पट्टा खांद्याच्या मधून जावा, गळ्याला घासू नये. तो टोचतो म्हणून मुले तो काखेखाली किंवा पाठीमागे घेतात. तसे केले तर बेल्ट लावला म्हणणे व्यर्थ आहे, आणि तो टोचत असेल तर मूल अजून बूस्टरशिवाय बसण्याइतके मोठे झालेले नाही.

८. अपवाद कुठे लागू होतात आणि कुठे नाही

अपवाद खरे आहेत, पण ऐकीव माहितीत ते फुगवून सांगितले जातात.

टॅक्सी आणि मिनीकॅब (आधी बोलावून ठरवायची भाड्याची गाडी): चालकाकडे योग्य सीट नसेल तर मूल सीटशिवाय प्रवास करू शकते, पण फक्त मागच्या आसनावर. ३ वर्षे किंवा त्याहून मोठ्या मुलाने मोठ्यांचा बेल्ट लावायचा, ३ वर्षांखालील मुलाने बेल्टशिवाय बसायचे. विमानतळावरून पहिल्यांदा घरी येताना बहुतेकांना हाच अपवाद उपयोगी पडतो. “मी घेते त्याला मांडीवर, माझ्या बेल्टमध्येच बसेल तो,” असे घरातले वडीलधारे म्हणतात. एकाच बेल्टमध्ये मोठे माणूस आणि मूल कधीही बांधू नका, कारण धडकेत त्या माणसाचे सगळे वजन मुलावर येते. ओळखीच्या चालकाला आधी कळवले तर तो सीट घेऊन येऊ शकतो. आम्ही तसेच करतो.

हा अपवाद परवानाधारक टॅक्सी आणि मिनीकॅबपुरताच आहे. मंडळाच्या गणपतीला जाताना मित्राच्या गाडीत पेट्रोलचे पैसे वाटून घेतले म्हणून ती टॅक्सी होत नाही.

अनपेक्षित प्रवास: योग्य सीट उपलब्ध नसेल तर ३ वर्षे किंवा त्याहून मोठे मूल मोठ्यांचा बेल्ट लावून जाऊ शकते, मात्र प्रवास अनपेक्षित, आवश्यक आणि थोड्या अंतराचा, असा तिन्ही अटींत बसणारा हवा. शेजारी अचानक आजारी पडले आणि त्यांच्या मुलाला सोबत घेऊन रुग्णालयात धावावे लागले, हे या अपवादात बसते. महिनाभर आधी निमंत्रण आलेली सत्यनारायणाची पूजा बसत नाही. ३ वर्षांखालील मुलाला हा अपवाद खासगी गाडीत मिळतच नाही.

तिसऱ्या सीटला जागा नसणे: मागे दोन सीटा लावल्यावर तिसरी मावत नसेल, तर ३ वर्षे किंवा त्याहून मोठे मूल मधे मोठ्यांचा बेल्ट लावून बसू शकते. ते ३ वर्षांखालचे असेल तर त्याला पुढच्या आसनावर योग्य सीटमध्येच बसवावे लागते. तीन मुले असलेल्यांनी गाडी घेतानाच मागच्या आसनाची रुंदी मोजावी.

बेल्टच नसलेली जुनी गाडी असेल, तर ३ वर्षांखालच्या मुलाला तिच्यातून नेता येत नाही आणि मोठ्या मुलांना फक्त मागे बसता येते. कोचमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसमध्ये, सीट किंवा बेल्ट नसेल तर मुले त्यांच्याशिवाय प्रवास करू शकतात. अपंगत्व किंवा आजार असलेल्या मुलांनाही नियम लागू आहेत, पण त्यांच्यासाठी खास सीट वापरता येते आणि वैद्यकीय कारणाने सीट वापरणे अशक्य असेल तर डॉक्टर सूट देणारे प्रमाणपत्र देऊ शकतात.

९. वापरलेली सीट, भाड्याची गाडी आणि देशाबाहेरचा प्रवास

वापरलेली सीट फक्त अशा माणसाकडून घ्या, ज्याच्या तोंडून तिचा पूर्ण इतिहास कळेल आणि ज्याच्या शब्दावर तुमचा विश्वास असेल. अपघातात सापडलेल्या सीटमधले तडे बाहेरून दिसत नाहीत. पुस्तिका हरवलेली सीट चुकीची लावली जाण्याची शक्यता जास्त. तुमच्याच गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीला सीटबद्दल विचारा, बऱ्याच पॉलिसींत ती बदलून मिळते.

भाड्याच्या गाडीसोबत सीट मागवता येते, पण ती मुलाच्या मापाची असेलच असे नाही आणि अनेकदा ती बसवून देणारे कोणी नसते. पुस्तिका मागून घ्या किंवा आपली सीट न्या.

बोटीतून किंवा बोगद्यातून गाडी घेऊन युरोपात जाणार असाल, तर इथला १३५ चा आकडा विसरा. जर्मनीत १२ वर्षे किंवा १५० सेंटिमीटर ही मर्यादा आहे, आयर्लंडच्या प्रजासत्ताकात १५० सेंटिमीटर किंवा ३६ किलो, फ्रान्समध्ये १० वर्षे. इथे बूस्टर सोडलेल्या मुलाला डब्लिनमध्ये ते परत लागू शकते.

सुट्टीत महाराष्ट्रात जाताना सीट न्यावी का, हे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९४ ब प्रमाणे भारतातही १४ वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा मुलांच्या सुरक्षा आसनाने बांधलेले नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून सुरक्षा पट्टा व हेल्मेट आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. मामाच्या स्कूटरवर पुढे उभे राहण्याचा हट्ट मुलांनी धरला तर हा नियम सांगता येतो. सीट नेण्यापूर्वी ज्या गाडीत ती लावायची आहे तिच्या मागच्या आसनाचा फोटो मागवा. तिथे आयसोफिक्सच्या कड्या नसतील आणि तुमची सीट फक्त आयसोफिक्सवर बसणारी असेल, तर तिचा उपयोग नाही. मधल्या जागेवर केवळ कमरेचा पट्टा असलेल्या जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत, तेव्हा सीट कडेच्या आसनावर लावावी लागेल. तिकडचे बेल्ट कधीकधी आखूड पडतात, म्हणून पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी, पाहुणे येण्याआधी, सीट लावून पाहा आणि पुस्तिका सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवा.